उद्याची वाट न पाहणारी पंडिता

रमाबाई म्हटलं की आपल्या घरांतून आधी आठवतात त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई. 'उंच माझा झोका' ही मालिका आल्यापासून तर आपल्या मुलांनाही त्या ठाऊक झाल्या. मग आठवतात बाबासाहेबांच्या रमाई. तिसऱ्या रमाबाईंचं नाव मात्र जरा उशिराच ओठावर येतं. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात कुठेतरी एक परिच्छेद वाचलेला असतो, 'शारदा सदन' हे नाव पाठ केलेलं असतं, आणि मग पुढे 'त्या ख्रिश्चन झाल्या' एवढ्यावर आपली माहिती संपते.

भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांच्या सासरच्या नावावरून 'मेधावी' असं नाव दिलेलं आहे, आणि त्याच ग्रहावर आपल्या आनंदीबाई जोशींच्या नावाचंही एक विवर आहे. म्हणजे आकाशात जागा मिळाली, पण मराठी माणसाच्या मनात ती अजून पक्की झाली नाही. याचं कारण उघड आहे. धर्म बदललेल्या माणसाला काय म्हणावं हे आपल्याला नीट कळत नाही. त्यांच्या लोकांनी त्यांना संत करून टाकलं, आपण त्यांना परकं करून टाकलं. मधली खरी बाई तशीच राहून गेली.

या लेखात त्यांची बाजू घ्यायची किंवा त्यांना दोष द्यायचा असा विचार नाही. त्यांच्या आयुष्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. 'मुक्ती' हा शब्द आपण साधारणपणे मेल्यानंतरच्या हिशेबासाठी राखून ठेवतो. रमाबाईंनी तो पुणे जिल्ह्यातल्या एका माळरानाला दिला, आणि तिथे विहिरी खणायला घेतल्या.

पुण्याचा साठा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. जन्मस्थळ सह्याद्रीतलं गंगामूळचं जंगल, आजच्या कर्नाटकातलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान चित्पावन ब्राह्मण. त्यांच्या गुरूंनी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवलं होतं. ते पाहून तरुण अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतलं की आपल्याही बायकोला शिकवायचं. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी ते जमू दिलं नाही. पुढे ती वारल्यावर, वयाच्या ४४ व्या वर्षी, यात्रेत भेटलेल्या एका गृहस्थाच्या ९ वर्षांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. आज आपल्याला हे ऐकवत नाही, पण तो काळच तसा होता. या लक्ष्मीबाईंना मात्र त्यांनी खरोखरच संस्कृत शिकवलं. त्यावरून गावात आणि धर्मपीठात वाद झाला, आणि शास्त्रीबुवा बायकोला घेऊन सरळ जंगलात राहायला गेले.

रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कर्जामुळे तेही घर सुटलं. वेताच्या पेटाऱ्यात घालून, कुणाच्या तरी डोक्यावरून, त्या पहिल्या प्रवासाला निघाल्या. पुढची पंधरा-सोळा वर्षं हे कुटुंब एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर फिरत राहिलं. देवळात बसून पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर जगायचं, आणि त्यातलं जे उरेल ते दानधर्मात घालायचं. आई पहाटे उठून मुलीला श्लोक पाठ करायला शिकवायची. बाराव्या वर्षांपर्यंत रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते.

मग मद्रास इलाख्यात १८७० च्या दशकात दुष्काळ पडला. घरात पैसा नव्हता, विकण्याजोगं जे होतं ते विकून झालं. व्रतं, उपास, दानं यांत आयुष्य घातलेल्या या माणसांना पोटासाठी दुसरं काहीच येत नव्हतं. अंगमेहनत करणं हे त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं, आणि भीक मागायला जीभ रेटत नव्हती. तिरुपतीजवळच्या जंगलात त्यांनी पाला खाऊन दिवस काढले. वडील थकले होते, जवळजवळ आंधळे झाले होते. जलसमाधी घ्यावी असंही त्यांच्या मनात आलं. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि हमाली करीन पण तुम्हाला जगवीन असं म्हणाला. पण फार उशीर झाला होता. वडील गेले, त्यांच्यामागून आई गेली, मग मोठी बहीण कृष्णाबाई गेली. आईची तिरडी उचलायला माणसं पुरेना, तेव्हा कोवळ्या रमाबाईंनी स्वतः खांदा दिला.

अनंतशास्त्र्यांची श्रद्धा खोटी नव्हती. त्यांच्याइतका प्रामाणिक माणूस शोधून सापडायचा नाही. पण पुढच्या जन्मासाठी, परलोकासाठी पुण्याचा साठा करता करता त्यांच्या मुलांच्या ताटात आज काय पडणार याची सोय राहून गेली होती. रमाबाईंनी आयुष्यभर वडिलांबद्दल प्रेमानेच लिहिलं. पण हा दुष्काळ त्या कधीच विसरल्या नाहीत. पुढे त्यांनी जे जे केलं, त्याच्या मुळाशी हे दिवस आहेत.

कलकत्ता ते पुणे

भाऊ-बहीण दोघे हजारो मैल पायी फिरले. काश्मीरपासून आसामपर्यंत. १८७८ साली ते कलकत्त्याला पोचले आणि तिथे एकदम कायापालट झाला. वीस वर्षांची मराठी मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, शास्त्रार्थ करते, हे पाहून तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेद दिले. स्त्रियांनी वेद वाचायचे नसतात, असंच तोवर त्यांनी ऐकलं होतं. ते वाचता वाचता आणि धर्मशास्त्रांत बायकांविषयी काय लिहिलं आहे ते पाहता पाहता त्यांचा जुना विश्वास ढासळू लागला.

१८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दुसरा प्रांत, दुसरी जात, दुसरी भाषा. तेव्हाच्या समाजाच्या दृष्टीने हे धर्मांतराहून कमी धक्कादायक नव्हतं! संसार जेमतेम दीड वर्षांचा. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. तेवीस वर्षांच्या रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांचं मूल.

त्या महाराष्ट्रात आल्या. पुण्यात रानडे, भांडारकर यांच्यासारख्या मंडळींनी त्यांचं स्वागत केलं. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, ही त्यांची मागणी होती. ती साक्ष इंग्लंडपर्यंत गाजली.

स्वतः डॉक्टर व्हायचं हे तेव्हा त्यांच्या मनात होतं. म्हणून १८८३ साली मुलीला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या.

फुलहॅममधलं एक घर

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज या गावी अँग्लिकन पंथाच्या जोगिणींच्या मठात उतरल्या. या सिस्टरांची ओळख पुण्यातच झाली होती. बायबलही त्यांना नवं नव्हतं, लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत आसामात असतानाच हाती आली होती. पण वाचलेल्या पुस्तकाने माणूस बदलतोच असं नाही.

त्यांना बदललं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या एका कामाने. लंडनच्या फुलहॅम भागात या सिस्टर एक घर चालवत होत्या. समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकून दिलं अशा बायका तिथे राहत. सिस्टर त्यांच्याशी मायेने वागत, आजारी असल्या तर शुश्रूषा करत, त्यांना पायावर उभं करत. अशा बायकांसाठी शिक्षाच सांगितलेली रमाबाईंनी आजवर ऐकली होती. इथे त्यांना सरळ पंगतीला घेतलं जात होतं. हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. विहिरीवर आलेल्या, पाच नवरे झालेल्या, परक्या जातीच्या त्या बाईकडे येशू पाणी मागतो, तिच्याशी धर्माबद्दल बोलतो, तिला कमी लेखत नाही. त्यांना पटलं ते हे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

त्याआधीच सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली होती. परदेशात, अनोळखी माणसांत, त्या धक्क्यातून रमाबाई एकट्या सावरल्या. इकडे महाराष्ट्रात धर्मांतराच्या बातमीने खळबळ उडाली. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. त्यांच्या बाजूने बोलणारे फार थोडे होते, त्यांत जोतीराव फुले होते. 'सत्सार'च्या १८८५ च्या अंकात त्यांनी रमाबाईंची पाठराखण केली.

आता गंमत बघा. ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांनाही रमाबाई काही सोप्या गेल्या नाहीत. येशूचं देवत्व, त्रैक्य, चर्चची सत्ता, एकेका गोष्टीवर त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी लांबलचक पत्रांतून वाद घातला. लॅटिन अक्षरं असलेला क्रूस घालायला त्यांचा आक्षेप होता, कारण ती भाषा आपल्याला कळत नाही. लिहायचंच तर संस्कृतात का नको? मांसाहार त्यांनी केला नाही. ख्रिस्ताला मानलं म्हणजे इंग्रज व्हायला हवं, हे त्यांना कबूल नव्हतं. एका शास्त्र्याचा अधिकार झुगारून आलेली बाई दुसऱ्याचा अधिकार मुकाट्याने मानेल, ही अपेक्षाच चुकीची होती.

डॉक्टर होण्याचं स्वप्न मात्र तिथेच मागे पडलं. त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकू लागल्या.

फिलाडेल्फिया, बॉस्टन

आपल्यापैकी जे फिलाडेल्फियाच्या आसपास राहतात त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. ११ मार्च १८८६. त्या दिवशी आनंदीबाई जोशी तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, आणि तो सोहळा पाहायला इंग्लंडहून खास पंडिता रमाबाई आल्या होत्या. दोघी लांबच्या नात्यातल्या. एक हिंदू राहिलेली, एक ख्रिस्ती झालेली. नऊवारीतल्या दोन मराठी बायका, त्या काळच्या अमेरिकेत. डोळ्यांपुढे आणून पाहा. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या.

रमाबाई काही दिवसांसाठी आल्या होत्या, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. गाडीने अमेरिका आणि कॅनडा पालथा घातला, शेकडो सभांतून बोलल्या, बालवाडीची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली. १८८७ साली 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक छापलं, त्याला प्रस्तावना त्याच मेडिकल कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांची. त्यात बालविधवांची स्थिती मांडली होती आणि शेवटी एक सरळ मागणी होती, या मुलींसाठी एक घर आणि एक शाळा हवी.

डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षं खर्च चालवण्याचं तिने वचन दिलं. गावोगावी तिच्या शाखा निघाल्या, त्यांना 'रमाबाई सर्कल' म्हणत. वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक त्यात होते, आणि धर्मप्रचार करायचा नाही ही अट होती. वर्गणी गोळा करणं, हिशेब ठेवणं, सभासद टिकवणं यात काय कष्ट असतात हे आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना वेगळं सांगायला नको! कुठल्या तरी गावातल्या बायका, ज्यांनी हिंदुस्थान पाहिलाही नाही, त्या एका मराठी बाईच्या शब्दावर दर वर्षी पैसे पाठवत राहिल्या.

इथल्या अनुभवावर रमाबाईंनी घरी परतल्यावर मराठीत 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक लिहिलं, १८८९ साली. अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ते एकदा वाचावं. कौतुक आहे, पण डोळे मिटून नाही. काळ्या लोकांना आणि इथल्या मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही त्यांनी टिपली आहे.

शारदा सदन

११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, ज्यांच्याशी पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं. 'माझे पुराण' लिहिणाऱ्या बाया कर्वे त्या याच. म्हणजे हिंगण्याच्या त्या मोठ्या कामाच्या वंशावळीत शारदा सदनही आहे, हे विसरून चालणार नाही.

पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. मुलींना आपापल्या जातीचे आचार पाळायची मुभा होती, सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा होता. धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत, आणि दार उघडं असे. हळूहळू काही मुली दारात येऊन बसू लागल्या, मग आत.

झालं. 'केसरी'ने आघाडी उघडली. १८९३ साली वाद टोकाला गेला. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालकांनी वीसहून जास्त मुली काढून नेल्या. ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी पुण्यात त्यांना जागा करून दिली, त्यांनीच हात काढून घेतला. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावत नाही, पण माझी प्रार्थना दार लावून चोरून का करू? दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की लहान मुली ज्या बाईला आई मानतात, तिचं उघडं दार हेच आमंत्रण असतं. खरं सांगायचं तर दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. शंभरहून जास्त वर्षांनंतरही हा वाद निकालात निघालेला नाही.

पण त्या वादात एक गोष्ट मागे पडली. काढून नेलेल्या मुलींचं पुढे काय झालं, हे विचारणारं फारसं कुणी नव्हतं.

केडगाव

१८९६ च्या अखेरीला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना स्वस्थ बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी छावण्यांत आणि गरीबखान्यांत उपाशी बायका-मुली होत्याच, पण मूठभर धान्यासाठी त्यांना नादी लावणारी माणसंही तिथेच घिरट्या घालत होती. वीस वर्षांपूर्वी जंगलात पाला खाणारी मुलगी त्यांच्या आत जागी झाली असणार.

शारदा सदनाला ठरलेली मदत मोजक्या मुलींपुरती होती. पुढच्या वर्षाचा पैसा हातात नव्हता, आणि बॉस्टनच्या वचनाची दहा वर्षं संपत आली होती. कुणीही शहाण्या माणसाने आधी निधी जमवला असता, इमारत बांधली असती, मग माणसं आणली असती. रमाबाईंनी माणसं आधी आणली. सुमारे ३०० बायका-मुली घेऊन त्या आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग सुरू झाला, शहरात नवी माणसं ठेवायला बंदी आली, तेव्हा सगळ्यांना घेऊन त्या केडगावला गेल्या. तिथे सदनाला फळबागेचं उत्पन्न मिळावं म्हणून थोडी जमीन घेऊन ठेवली होती. माळावर तंबू आणि झोपड्या पडल्या. मुक्ती मिशनची ही सुरुवात.

प्लेगच्या सरकारी इस्पितळात बायकांची कशी आबाळ होते, त्यावर रमाबाईंनी १८९७ साली 'बाँबे गार्डियन'मध्ये पत्र लिहून जाहीर टीका केली. 'ख्रिश्चन झाल्या म्हणजे सरकारच्या झाल्या' असं समजणाऱ्यांनी हे पत्र ध्यानात घ्यावं.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी पुन्हा माणसं पाठवली, आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार! रोज दोन वेळा एवढ्या माणसांचा स्वयंपाक म्हणजे काय, हे दिवाळीला दीडशे पानं वाढताना आपल्याला थोडंफार कळतं. पिण्याचं पाणी, धान्य, सरपण, कपडे, औषधं, सगळंच लागणार. विहिरी खणल्या, शेती केली, गाई-म्हशी पाळल्या.

मुक्तीत एकाखाली एक वेगवेगळी सदनं उभी राहिली. फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हणजे फुलहॅमच्या घराचं केडगावातलं रूप. म्हाताऱ्या आणि दुबळ्यांसाठी प्रीती सदन. मुलग्यांसाठी सदानंद सदन. अंध मुलींसाठी वेगळी सोय, तिथे ब्रेल शिकवत, आणि अमेरिकेत शिकून १९०० साली परत आलेली मनोरमा आईचा उजवा हात झाली.

आणि प्रत्येकीला काहीतरी हातकाम शिकावंच लागे. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दूधदुभतं, शेती, धोबीकाम, पाव भाजणं, छापखान्यात खिळे जुळवणं. यामागचं कारण मुक्तीला पैसा हवा होता एवढंच नाही. हातात कला नसली तर शहाणी, धर्मशील माणसंसुद्धा उपाशी मरतात हे रमाबाईंनी आपल्याच घरात पाहिलं होतं. त्यांच्या मुक्तीत श्लोक होते, प्रार्थना होती, आणि त्याबरोबर माग होता, घाणा होता.

हेही सांगायला हवं की शारदा सदनाचा पहिला तटस्थपणा इथे राहिला नाही. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि दुष्काळातून आलेल्या मुली तिथे ख्रिस्ती म्हणून वाढल्या. उपाशी मुलीला निवड करायला कितीशी जागा होती, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. तसाच दुसराही प्रश्न रास्त आहे, की त्या छावणीत तिला उचलायला दुसरं कोण आलं होतं?

रात्रीची प्रार्थना, सकाळचं दळण

त्या काळी ख्रिस्ती मंडळींत एक मोठी लाट होती. प्रभू लवकरच परत येणार, जगाचा शेवट जवळ आला, आपण फक्त तयार राहायचं. अशी वाट पाहण्यात एक सुख असतं. आजच्या दुःखाचा हिशेब उद्यावर टाकता येतो. केवळ ख्रिस्ती लोकांचंच हे आहे असं नाही, आपल्याकडेही 'पुढच्या जन्मी' आहेच.

१९०५ साली मुक्तीत मोठं जागरण झालं. जूनच्या अखेरीस मुली रात्ररात्र प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, मोठमोठ्याने आपल्या चुका कबूल करू लागल्या. जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात या घटनेची नोंद आहे. रमाबाईंनी ते थांबवलं नाही. परलोकावर आणि प्रभूच्या येण्यावर त्यांचाही पूर्ण विश्वास होता. पण मुक्तीचं काम थांबलं नाही. दोन हजार माणसांना सकाळी भाकरी लागतेच, मग आदल्या रात्री स्वर्ग कितीही जवळ आलेला असो. भुकेल्याला जेवू घातलं की नाही, उघड्याला वस्त्र दिलं की नाही, याच मापाने शेवटी मोजणी होणार असं येशूने सांगितलं आहे. रमाबाईंनी ते शब्दशः घेतलं होतं.

याच सुमारास त्यांनी आयुष्यातलं शेवटचं मोठं काम हाती घेतलं. बायबलचं मराठी भाषांतर आधीपासून होतं, पण त्याची भाषा जड, संस्कृतप्रचुर. मुक्तीतल्या खेडवळ मुलींना ती कळेना. पन्नाशीला टेकलेली ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि मुळापासून नवं भाषांतर करू लागली. ज्या बाईला संस्कृतासाठी 'सरस्वती' म्हटलं गेलं, तिने ठरवून संस्कृत शब्द गाळले आणि घरातली, शेतावरची मराठी वापरली. विद्वत्ता दाखवायची सगळ्यात सोपी संधी समोर असताना तिने ती सोडून दिली, कारण वाचणारी मुलगी आत्ता समोर बसली होती. खिळे जुळवले मुक्तीतल्या बायकांनी, छापलं मुक्तीच्या छापखान्यात.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्यांचं लक्ष प्रुफांत होतं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, चाळिशीत. जिच्यावर सगळं सोपवायचं होतं तीच आधी गेली. आईवडील, भावंडं, नवरा, आणि आता मुलगी. रमाबाई तशाच कामाला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला, वयाच्या ६३ व्या वर्षी. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं.

आपल्यासाठी

कुणी विचारेल, दिवाळी अंकात हे कशाला? आपण पणत्या लावतो, लक्ष्मीपूजन करतो, आपला धर्म आपल्यापाशी. अगदी बरोबर. पण रमाबाईंकडून घेण्यासारखं आहे त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही. परदेशात राहून आपण सगळेच 'पुढे कधीतरी' या दोन शब्दांवर बरंच काही ढकलतो. ग्रीन कार्ड झालं की, मुलं कॉलेजात गेली की, रिटायर झालो की गावच्या शाळेसाठी काहीतरी करू. रमाबाईंच्या हाती पैसा नव्हता, तब्येत नव्हती, कान धड नव्हते, आपली माणसं पाठीशी नव्हती. सगळं जमून येईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर त्या ३०० मुली छावणीतच राहिल्या असत्या.

त्यांची श्रद्धा आपली असेल वा नसेल. पण श्रद्धा आज कुणाच्या कामी आली, हा त्यांचा प्रश्न कुठल्याही धर्माच्या माणसाला विचारता येतो, आणि स्वतःला विचारला तर जास्तच बरं.

केडगाव पुणे–दौंड रेल्वेमार्गावर आहे, दौंडच्या अलीकडे. मुक्ती मिशन तिथे आजही चालू आहे, आजही तिथे मुली आणि बायका राहतात, शिकतात. पुढच्या भारतवारीत पुण्याला गेलात आणि एक सकाळ मोकळी असली तर मुलांना घेऊन जरूर जा. शुक्रावरचं विवर काही आपल्याला दिसायचं नाही, केडगाव मात्र दिसेल.